माळवदाखाली पत्र्याची बैठक
तेर, सोमवार, १४ मे १९७३

आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या चेअरमनसारखा शहाणा शोधून सापडायचा नाही. आज भर दुपारी बैठक घेतली, ती कुठं? स्वतःच्या जुन्या, मातीच्या माळवदाखाली. का, तर "गुरुजी, इथं लई गार वाटतंय." आणि सोसायटीची घरं मात्र पत्र्याची! माझी लेकरं तिथं दुपारभर ओलं पोतं पांघरून पडतात. या दुष्काळात पोतं भिजवायला तरी पाणी कुठंय?

मी म्हटलं, पत्र्याच्या आतून तुराट्या बांधून मातीनं लिंपू, उष्मा अडेल. तर म्हणतो कसा, "पत्र्याला माती म्हंजे सुटावर घोंगडं की हो!" सगळे हसले. हसणाऱ्यांची घरंही पत्र्याचीच. बैलं नुसती! चेअरमननं लगेच ठराव मांडला: पुढची घरंही पत्र्याचीच, आणि पत्र्याला कुणी माती लावायची न्हाय, शोभा जाते. हे बोलताना गारव्यानं त्यानं उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं होतं.

सगळ्यांनी सह्या केल्या. मला ते ओलं पोतं आठवलं. तरी मीही केली.

सही करून घरी तरी यायचं. तासभर तिथंच बसून राहिलो. गार होतं.