संध्याकाळी भाव उतरतो

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज ठरलं. एप्रिलच्या दहा तारखेपासून यांना चार दिवस रजा आहे. आम्ही दोघं आणि पिंटुकली मोठ्या शहरात जाणार. विमानानं. सासूबाई घर सांभाळतील.

तिकिटाचं काम माझ्याकडे. हे म्हणाले, दिवसभर फोन तुझ्या हातात असतो, तूच बघ. मी म्हटलं, बघते की, त्यात काय एवढं.

यांच्या कंपनीची डायरी कोरी पडली होती, ती घेतली. फक्त माझ्यासाठी. माझी शाळा सातवीत सुटली, पण भाव मला कळतो. आईच्या भाजीच्या गाळ्यावर वाढले मी. कोबी काय आणि विमान काय, विकणारा माणूस तोच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी. दुपारी

भाव बघितला. जास्त आहे. मनात एक आकडा धरलाय. यांना पण सांगितला नाही.

हे म्हणाले, काढून टाक ना मग. यांना बाजार कळत नाही. आल्या आल्या पिशवी उघडणाऱ्या गिऱ्हाईकाला आई कधीच खालचा भाव सांगायची नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

शहरात एक उंच मनोरा आहे म्हणे. त्याला काचेची लिफ्ट, बाहेरच्या बाजूनं चढणारी. यांना तीच बघायचीय. हे लिफ्टचे मेकॅनिक. यांच्या फोनवर आमच्या लग्नाच्या फोटोच्या जागी आता त्या लिफ्टचा फोटो आहे. म्हणाले, अर्ध्या वाटेवर गेलं की पायाखाली नदी दिसते. आपण तिघांनी तिथं फोटो काढायचा.

मी म्हटलं, वा. तुम्ही जा वर, मी खालून छान काढीन.

हे म्हणाले, सगळ्या बिल्डिंगची माणसं माझ्या लिफ्टमध्ये बसतात, एक घरचं माणूस सोडून.

आता मी जिन्यानं जाते हे खरं. पाचवा मजला, कडेवर पिंटुकली, हातात पिशवी. पण त्यात भीती कसली? बाळंतपणात पोट सुटलं ते उतरायला नको का?

गुरुवार, १३ फेब्रुवारी. संध्याकाळी

बरोब्बर गाळा उठायच्या वेळी भाव बघितला. नाही उतरला. कोथिंबीर सकाळी ऐटीत असते, संध्याकाळी पडेल त्या भावात जाते. विमानातल्या खुर्च्या काय दुसऱ्या दिवशी पाणी मारून विकतात? उडालं की संपलं. म्हणजे शेवटी भाव पाडावाच लागणार. आपण फक्त हलायचं नाही.

समोरच्या शिलाईवाल्या ताईंना हे सांगितलं. त्या दोनदा विमानात बसल्यात. म्हणाल्या, विमानाचं उलटं असतं गं, जसजसा दिवस जवळ येतो तसतसा भाव चढतो. त्या ब्लाऊज चांगले शिवतात. पण बाजाराचं त्यांना काय माहीत.

जाता जाता त्यांना विचारलं, विमान हलतं का हो? असंच, माहिती म्हणून. म्हणाल्या, थोडं. थोडं म्हणजे किती ते विचारायचं राहिलं. परत गेले. रिक्षाइतकं, म्हणाल्या. कुठल्या रस्त्यावरच्या रिक्षाइतकं ते विचारायला तिसऱ्यांदा जाणं बरं दिसेना.

बुधवार, १९ फेब्रुवारी

शहरात जायला सगळ्यात चांगला काळ कोणता याचे व्हिडिओ बघितले. पिंटुकली झोपली तेवढ्यात चार बघून झाले. मे महिन्यात गर्दी. पावसाळ्यात विमान हलतं. थंडीत धुकं, धुक्यात पायलटला काय दिसणार? राहिला एप्रिल. एप्रिल बरा म्हणतात, पण दुपारी वारा सुटतो.

म्हणजे नीट बघितलं तर सगळ्यात चांगला काळ अजून यायचाय. हे यांना सांगितलं. हे जेवत होते. म्हणाले, रजा मात्र आलीये.

सोमवार, २४ फेब्रुवारी

विमान कंपनीला फोन लावला. सारखी तीन बटणं दाबायला लावून शेवटी एक मुलगी आली. गोड बोलते. मी म्हटलं, शेवटचा भाव बोल. ती म्हणाली, मॅडम, स्क्रीनवर दिसतोय तोच. मी म्हटलं, नेहमी येणारं गिऱ्हाईक आहे असं समज. ती म्हणाली, मॅडम, आपण याआधी आमच्याबरोबर प्रवास केलाय का? मी म्हटलं, तुझ्याकडे लहान पोर घेऊन येणार आहे, चार घास कमी खा.

मग मी खरा डाव टाकला. म्हटलं, राहू दे मग. आणि फोन कानापासून लांब धरला. असं केलं की गाळेवाला मागून हाक मारतोच. चार पावलं जाऊ देतो, मग म्हणतो, अहो ताई, या या, घ्या तुमच्या भावात. आयुष्यात एकदा पण चुकलेलं नाही हे.

फोनमधून गाणं लागलं. मग गाणं पण बंद झालं.

नवीन असेल बिचारी.

रविवार, २ मार्च

आईचा फोन. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूनं बोलेल. म्हणाली, अगं, विमान म्हणजे काय कोबी आहे का? गपचूप तिकीट काढ आणि नवऱ्याबरोबर फिरून ये. लग्न झाल्यापासून कुठे नेलंय त्यानं तुला? मी म्हटलं, नेतायत ना आता. ती म्हणाली, तो नेतोय, तू येतेस का ते सांग.

आईचं वय झालं. आता तिच्या गाळ्यावर लोक तिलाच बनवत असतील.

शुक्रवार, ७ मार्च

कळलं मला. फोन ओळखतो. रोज त्याच फोनवरून बघितलं की त्यांना समजतं की ही बाई अडकलीये, ही घेणारच. म्हणून आता सासूबाईंच्या फोनमध्ये अॅप टाकून दिलं. यांनी त्यांना पैसे भरायचं शिकवलं होतंच, लाइट बिल त्याच भरतात. म्हटलं, आई, रोज संध्याकाळी नुसतं बघायचं आणि मला सांगायचं. कोणाला कळू द्यायचं नाही की आपल्याला जायचंय.

सासूबाई म्हणाल्या, कळू द्यायचं नाही म्हणजे फोनला?

मी म्हटलं, हो.

म्हणाल्या, बरं बाई. आणि फोनकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, मला कुठेच जायचं नाहीये हो. पिंटुकली हसली. मी नाही हसले. कामाच्या वेळी चेष्टा मला चालत नाही.

बुधवार, १२ मार्च

हे रोज विचारतात, झालं का. मी रोज सांगते, झाल्यातच जमा आहे. खोटं नाही ते. भाव आपल्याला ठाऊक, दिवस ठाऊक, सामान काय न्यायचं ते ठाऊक. राहिलं काय? नुसतं तिकीट.

सासूबाईंनी विचारलं तर त्यांना पण तेच सांगितलं. शिलाईवाल्या ताईंना तर झालंच म्हणून सांगितलं. त्यांनी पिंटुकलीला फ्रॉक शिवायला घेतला, खिशावर विमान.

गुरुवार, २० मार्च

पिंटुकलीला दोन वर्षं व्हायच्या आत मांडीवर बसवून जवळजवळ फुकट नेता येतं. नंतर तिची पण खुर्ची. ती एप्रिलच्या शेवटी दोनची होते. म्हणजे एप्रिल चुकवायचा नाही. ठरलं, उद्या सकाळी उठल्या उठल्या काढायचं.

शुक्रवार, २१ मार्च

पिंटुकलीला दात येतायत. अशात कुठे विमान बघायचं?

बातमी पण दाखवत होते. कुठल्या तरी लांबच्या देशात विमान धावपट्टीवरून घसरलं. कोणाला काही झालं नाही. मी ती परत परत बघितली, कोणाला काही झालं नाही याची खात्री करून घ्यायला.

रविवार, ३० मार्च. संध्याकाळी

उतरला.

माझ्या आकड्यावर आला. तंतोतंत. गाळा उठायच्या वेळी. सगळे मला वेड्यात काढत होते ना? हे बाजूलाच बसले होते, पिंटुकलीचे मोजे शोधत. मी फोन दाखवला. हे उठून उभे राहिले. म्हणाले, दाब. हिरवं बटण होतं. बोट त्याच्यावर नेलं.

तेवढ्यात पिंटुकली शिंकली.

मी म्हटलं, थांबा, हिला सर्दी होतेय बहुतेक. आणि भाव एकदा पडायला लागला की पडतच जातो, आज इथे तर उद्या अजून खाली. हे म्हणाले, मी दाबू का? मी फोन ओढणीत घेतला. म्हटलं, माझं काम आहे ना हे?

हे मोजे शोधायला लागले. ते त्यांच्या हातातच होते.

सोमवार, ३१ मार्च

चढला. दुप्पटच म्हणा ना. घाबरवायला करतात असं. आपण हलायचं नाही.

पिंटुकलीला सर्दी झालेली नाही. पण होऊ शकली असती.

शनिवार, ५ एप्रिल

सासूबाईंनी नवीन चपला आणल्या. मी विचारलं, कशाला? म्हणाल्या, शहरात चालायला. मी म्हटलं, कुठल्या शहरात?

तर सासूबाईंनी तिकीट काढलंय. स्वतःचं. त्या रविवारी संध्याकाळी मी सांगितल्याप्रमाणे नुसतं बघत होत्या, भाव खाली दिसला, बटण दाबलं. म्हणाल्या, तुमचं तिघांचं झाल्यातच जमा होतं, म्हटलं आपण पण जावं. तुला सांगणार होते, पण कोणाला कळू द्यायचं नाही म्हणाली होतीस.

भीती नाही वाटत का विचारलं. म्हणाल्या, वाटते की. म्हणून खिडकीची जागा घेतली, काय होतंय ते दिसेल तरी.

मग हे आत आले. म्हणाले, आपलं कुठंय? मी म्हटलं, संध्याकाळी भाव उतरतो. हे म्हणाले, कुठल्या संध्याकाळी? मी म्हटलं, शेवटच्या. सामान घेऊन थेट विमानतळावर जायचं, विमान सुटायच्या आधी. उरलेला माल ते देणारच.

हे पेटी काढायला गेले.

गुरुवार, १० एप्रिल. विमानतळावरून आल्यावर

सगळे गेलो. दोन पेट्या, पिंटुकली नवीन फ्रॉकात, सासूबाई नवीन चपलांत. तिकिटाच्या खिडकीवर एक मुलगी बसली होती, ओठ लाल, केस चापून. मी पुढे झाले. म्हटलं, उरल्यात का खुर्च्या? म्हणाली, थोड्याच. मी म्हटलं, मग काय देतेस बोल. तिनं आकडा सांगितला. मला वाटलं, सगळं विमान विकतेय.

मी चालायला लागले. दारापर्यंत गेले. मागे वळून बघितलं नाही, वळलं की डाव फुकट जातो. मागून हाक आली. पण ती यांची होती.

म्हणाले, इकडे ये. हळू बोलत होते. म्हणाले, बोनस आलाय माझा, मी दोन घेतो. पिंटुकली मांडीवर. भाव सोड आता. येतेस ना? मला त्या लिफ्टमध्ये तुम्हाला घेऊन उभं राहायचंय.

काचेतून विमान दिसत होतं. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा मोठं. एवढं मोठं जमिनीवरच बरं दिसतं. पिंटुकलीनं हात केला त्याला. मी तिचा हात खाली घेतला.

म्हटलं, एवढ्या भावात? लोक हसतील आपल्याला.

हे माझ्याकडे बघत राहिले. भाव बघतात तसे नाही. बंद पडलेली लिफ्ट उघडून आत बघतात तसे. मग म्हणाले, आई एकटी कशी जाईल. आणि खिडकीपाशी जाऊन एक घेतलं.

सासूबाई जाताना म्हणाल्या, दूध वरच्या फळीवर आहे. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो कशाला ते कळलं नाही, मी काही रडत नव्हते. विमानतळावर एसी फार असतो, डोळ्यांतून पाणी येतं.

मी आणि पिंटुकली बसनं परत आलो. विमान पोचल्याचा यांचा मेसेज आला. तोवर काही खाल्लं नव्हतं. असंच, भूक नव्हती.

शुक्रवार, ११ एप्रिल. सकाळी

शिलाईवाल्या ताई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, अगं, तू इथे? मी म्हटलं, आम्ही मागून जाणार आहोत. गर्दी टाळून.

दुपारी

फोटो आला. काचेची लिफ्ट, खाली नदी. सासूबाईंनी दोन्ही हातांनी दांडा धरलाय, डोळे मिटलेत आणि तोंडभर हसतायत. हे शेजारी उभे आहेत. यांचा एक हात बाजूला लांब, मोकळा, कोणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा. तिथे कोणी नाही.

पिंटुकलीनं फोटोवर बोट ठेवलं, बाबा म्हणाली आणि लिफ्टचं बटण दाबतात तसं दाबत बसली.

संध्याकाळी

उतरला. खरंच उतरला. उद्या सकाळच्या विमानाचा भाव माझ्या आकड्याच्या पण खाली. शेवटी मीच बरोबर. आता बोला म्हणावं सगळ्यांना.

यांचा फोन आला. यांनी पण बघितलं होतं. म्हणाले, दोन दिवस आहेत अजून. उद्या ये. मी विमानतळावर उभा राहतो, अगदी दारात. लिफ्टनं जायचं नाही कुठेही, नदीकाठानं चालू. नुसती ये.

मी म्हटलं, थांबा. अजून उतरेल.

हे म्हणाले, बरं.

मी फोन ठेवला. मला हे सगळं पाठ आहे. आपण चार पावलं चालायचं, मागे बघायचं नाही. पिंटुकलीला कडेवर घेऊन दारापर्यंत गेले. मग जिन्यानं खाली गेले, परत वर आले. फोन हातातच होता.

हाक आली नाही.

लिफ्टमध्ये असतील. लिफ्टमध्ये रेंज जाते.