तिसरी मासोळी

९ फेब्रुवारी, रविवार

हे आज पुन्हा मासोळी घेऊन आले! सकाळच्या पहिल्या एसटीने सिंदेवाहीकडे, संध्याकाळी परत. पिशवीत रोहू, चेहऱ्यावर वाघ मारून आल्याचा भाव. "फार झुंजली आज," म्हणाले.

मी साफ करायला घेतली. आधी ओठ बघितले. नेहमीप्रमाणे भोक नाही.

गळाला लागलेल्या मासोळीच्या ओठाला भोक पडतं, जाळ्यातलीच्या नाही. हे कळायला शाळेत शिकवलेलं असावं लागत नाही, घरात विळी असली की पुरतं. तीस वर्षं मी बिनभोकाच्या मासोळ्या शिजवते आहे आणि झुंजीच्या गोष्टी ऐकते आहे. हे तिथे पोचूभाऊंच्या गावच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर बसतात, पोचूभाऊंशी गप्पा मारतात, आणि निघताना त्यांच्या जाळ्यातली एक मासोळी घेऊन येतात. बस, एवढीच यांची फिशिंग! पाण्यात पायसुद्धा घालत नाहीत. पाण्याला घाबरतात.

सुरुवातीला विचारणार होते. पण माणूस रविवारी घराबाहेर जातो आणि खुशीत परत येतो. असा नवरा किती जणींना मिळतो? गप्प बसले ते बसलेच.

११ फेब्रुवारी

पुण्याहून इकराचा व्हिडिओ कॉल. नातीने नवीन खोली दाखवली — एक भिंत जांभळी, नवं टेबल, पुस्तकांचं कपाट. "दादी, आता माझी स्वतःची खोली!" मागून तिची आई, नाहीद, काहीतरी बोलली आणि कॉल बंद झाला. नेट गेलं असेल.

१३ फेब्रुवारी

पुण्याहून सरफराज आला. एकटाच, गाडी घेऊन. सुनेला सुट्टी नाही. सोबत अब्बांसाठी भलंमोठं गाठोडं. उघडलं तर नाव! हवा भरायची, दोघांनी बसायची. त्याला कयाक म्हणतात म्हणे. हे म्हणाले, कायक. सरफराजने तीनदा सुधारलं, मग सोडून दिलं.

"अब्बा, किती वर्षं काठावर बसून मासे पकडणार? आता पाण्यात जाऊन पकडा."

हे इतके पांढरे पडले की मी उठून पाणी आणलं. सरफराजला वाटलं, अब्बा भारावले.

१४ फेब्रुवारी

जेवताना सरफराजने वर्षाचा प्रश्न काढला. दर वर्षी काढतो. अब्बा, अम्मी, आता पुण्याला चला, इथे दोघंच किती दिवस राहणार, तुमची खोली तयार आहे वगैरे. यांनी दर वर्षीचं उत्तर दिलं — आणि माझी फिशिंग?

एरवी विषय इथेच मिटतो. आज मिटला नाही. सरफराज हसून म्हणाला, "ठीक आहे. रविवारी माझ्यासमोर एक मासा पकडून दाखवा. पकडलात तर मी पुन्हा कधी पुण्याचं नाव काढणार नाही. नाही तर सामान बांधायचं."

"लागली," हे म्हणाले. जन्मात एक मासा न पकडलेला माणूस!

मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, मला जायचं नाही. जटपुरा गेटपासून घरापर्यंत येताना चार जण "बाई" म्हणून थांबवतात, त्यातले दोघं शाळेत माझ्या हातचा मार खाल्लेले. पुण्यात मला लिफ्टसुद्धा ओळखत नाही. पण घरात सगळ्यांचा समज असा की अम्मी नातीपायी केव्हाही तयार आहे, अडतं ते अब्बांच्या गळाशी. माझं अख्खं म्हातारपण एका गळाला लटकलंय, आणि त्या गळाला कधी काही लागत नाही.

१५ फेब्रुवारी

पोचूभाऊंना फोन केला. दर ईदला शीरखुर्म्याला येतात, नंबर होताच. लाज सोडून सगळं सांगितलं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. पाणी कमरेएवढंच आहे, उद्या नावेजवळ उभा राहतो, वेलीत गळ अडकला असं दाखवून पाण्याखालून एक मासोळी लावून देतो, म्हणाले. मी बजावलं — ओठातूनच लावा.

दुपारी वाळवण काढायला गच्चीवर गेले, तर हे टाकीमागे फोनवर कुजबुजताहेत. "एकच, पोचू. फार मोठी नको, मले ओढता आली पायजे."

म्हणजे आता दोन! पुन्हा फोन करून माझी रद्द करावी, असं मनात आलं. पण कोणत्या तोंडाने? आणि एखादी हातातून निसटलीच तर दुसरी असू दे.

१६ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर हसू दाबून पोट दुखलं. आता निवांत लिहिते.

नाव पाण्यात जायच्या आधीच निम्मं गाव पाळीवर गोळा झालं होतं. हे नारिंगी जाकिटात — हात बाहेर काढलेलं बाळ जसं दुपट्यात दिसतं, तसे. सरफराज मागे वल्हं घेऊन. नाव दहा हात गेली आणि कमळाच्या वेलीत अडकली. यांनी दोन्ही काठ घट्ट धरले. "खोल आहे का रे?" शेजारी पोचूभाऊ उभे, पाणी त्यांच्या कमरेला. मी पाळीवर पोचूभाऊंच्या धुरपताबाईंजवळ बसले होते. त्यांनी पदरात तोंड घातलं ते काढलंच नाही.

यांनी गळ टाकला. गळाला काही लावायचं असतं, हेच विसरले! पोचूभाऊ वेल सोडवायला वाकले आणि लगेच दोरी ताणली. रोहू! यांनी अशी ओढली की नाव गोल फिरली. पाळीवर टाळ्या. सरफराज सगळ्यात जोरात.

जिंकले होते, मुकाट्याने परत यावं ना. पण तोंडाला रक्त लागलं! पुन्हा टाकला, पुन्हा रिकामाच. पुन्हा वेल, पुन्हा पोचूभाऊ, पुन्हा रोहू. पहिलीची जुळी बहीण. आता मात्र मी दुवा करत होते की यांनी थांबावं. दोन मागवल्या होत्या, दोन्ही झाल्या.

"बाबूभाई, आता कणकीची गोळी तं लावा," पोचूभाऊ म्हणाले. यांनी लावली. काठ सोडून दोन्ही हातांनी काठी धरली, ते पहिल्यांदाच. आणि तिसरी लागली!

ही कोणी सांगितलेली नव्हती. यांनाही ते माहीत होतं. ओरडले नाहीत, फुशारकी नाही. मासोळी मांडीवर धरून माझ्याकडे बघत राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस, डोळे भरलेले. मला इतका आनंद झाला की धुरपताबाईंचा हात दाबला. पुणे टळलं म्हणून नव्हे — म्हणजे तेही होतंच — पण यांना एक तरी खरी मिळाली!

घरी येऊन तिन्ही साफ केल्या. तिन्हींच्या ओठाला भोक. तिसरीचं बघून खरंच भरून आलं.

१७ फेब्रुवारी

सरफराज गेला. पैज पाळली, पुण्याचा शब्द काढला नाही. निघताना मला मिठी मारली, जरा जास्त वेळच. "अम्मी, तुम्ही इथेच खूश आहात ना?" मी हो म्हटलं. पहिल्यांदा कोणी विचारलं. किती समजूतदार निघाला पोर!

२ मार्च

पहिला रोजा. तिसरी मासोळी मशिदीपर्यंत पोचली आहे. तिथे तिचं वजन दुप्पट झालंय.

९ मार्च, रविवार

रोजा असून हे तलावावर गेले. रिकाम्या हाताने आले, आणि तसं सरळ सांगितलंही! म्हणाले, पोचू देत होता, मीच घेतली नाही. आता आपली आपण पकडणार. मी इफ्तारीला यांच्या आवडीची भजी तळली.

३१ मार्च, ईद

पोचूभाऊ शीरखुर्म्याला आले. हे शेजारी गळाभेटीला गेले होते, म्हणून हसत विचारलं, एक माझी, एक यांची, तिसरीचं नवल नाही वाटलं तुम्हाला?

"तिसरी तं सरफराजभाऊची होती ना, बाई, तेबी मीच लावली," ते म्हणाले. "इकडं याच्या आठ रोज आधीच पुण्यावरून फोन केला होता त्यानं. काही झालं तरी अब्बाच्या गळाले मासोळी लागलीच पायजे म्हणे. मले वाटलं तुमाले मालूम असन."

यायच्या आधी. म्हणजे पैजेच्याही आधी. आमची तयार खोली तेव्हाच इकराची, जांभळी झालेली होती.

पोचूभाऊंना आणखी एक वाटी वाढली. आत जाऊन रडले. मला इथेच राहायचं होतं, तसंच झालं, तरी रडले. बाहेर हे परत आले होते आणि पोचूभाऊंनाच तिसरीची गोष्ट सांगत होते. चेहरा धुऊन मी दारात गेले, पोचूभाऊंकडे बघून नुसती नकारार्थी मान हलवली. ते समजले.

तिसरी यांचीच.