मागच्या चाकांचा संशय

शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ जानेवारी २००४

तीर्थरूप भीमाप्पा दाजींना रुद्रेशचा शरणार्थ. आक्काचा गुडघा आता वाकतो का? तुमचा खोकला गेला असेलच. (गाडीचा व्यवहार ठरला त्या दिवशी मात्र तुम्ही खोकत नव्हता, हसत होता. संशय म्हणून नव्हे, आपलं सहज आठवलं.)

तुमच्या मुरगूडच्या दोस्ताकडून घेतलेली ती लांबोडी गाडी. जपानी इंजिन, आणि सगळा जोर मागच्या चाकांवर. जोराबद्दल तक्रार नाही. पण पहिला गिअर टाकून पाय दाबला की मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरतात, धूर निघतो आणि गाडी तिथंच. तालमीच्या कट्ट्यावरची मंडळी टाळ्या वाजवतात. आधी वाटलं, रस्त्यावर कुणीतरी तेल ओततंय. दोन दिवस गॅलरीत बसून पाळत ठेवली. समोरच्या चिमणाबाई अंगणात सडा टाकत होत्या, त्यांनाही बादलीत काय आहे म्हणून विचारलं. तेव्हापासून त्या बोलत नाहीत. (म्हणजे काहीतरी असणारच.)

कृष्णात मिस्त्रीनं टायरला नख लावून बघितलं. म्हणाला, "ह्यो टायर हाय का दगड? नऊ वर्षांमागचा हाय, बाजूला आकडं बघा की. आन् हवा किती ठासलीया! जमिनीला टेकतोय त्यो रुपायाएवढा." मी मनात म्हटलं, ह्याच्या मेव्हण्याचं टायरचं दुकान असणार. (आहेच. मी चौकशी केली.) म्हणून त्याचं न ऐकता माझ्या अकलेनं डिकीत वाळूची चार पोती टाकली. मागं वजन, म्हणजे पकड. आणि खरं सांगतो, पेठेतून गाडी अशी निघाली की कट्ट्यावर एकाचाही हात वाजला नाही.

त्या आनंदात सौ. विद्याश्रीला घेऊन कळंब्याच्या तलावाकडं निघालो. तुरुंगापाशी वळणावर पाय थोडा जास्तच पडला. मी वळलो, पण पोत्यांना वळायचं नव्हतं. गाडीचं शेपूट बाहेर गेलं, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि तुरुंगाच्या फाटकाकडं तोंड करून थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पहारेकरी सावकाश चालत आला आणि म्हणाला, "पावणं, भेटायला आलाय का ऱ्हायला?" विद्याश्री उतरली आणि सिटी बसनं घरी गेली. (तिला बस इतक्या लगेच कशी मिळाली, हाही एक प्रश्नच आहे.)

शेवटी कृष्णातकडंच गेलो. त्यानं वाळू काढली, मागं रुंद, मऊ रबराचे टायर घातले, हवा मापात भरली आणि माझ्या उजव्या पायाकडं बघत म्हणाला, "निम्मा दोष हितं हाय. पायाखाली अंडं हाय आसं समजून दाबा." (आपल्या घरात अंडं येत नाही, तरी समजलं.) आता गाडी रस्ता धरते, चाक जागचं फिरत नाही. टायर त्यानं मेव्हण्याच्या दुकानातून आणले नाहीत, त्यामुळं मला जास्तच संशय येतो.

पण तीन आठवडे झाले, विद्याश्री गाडीत बसत नाही. मी नुसती किल्ली उचलली तरी ती चप्पल घालून चालायला लागते. शेजारची रिकामी सीट बघून गाडी काढावीशी वाटत नाही, दाजी.

आपला,
रुद्रेश

ता. क. खरं काम हे की आक्कानं फोन करून तिला सांगावं, दोष टायरचा होता. तुम्ही सांगू नका, तिला तुमचाच संशय आहे.

ता. क. अक्षर वेगळं दिसेल, मी विद्याश्री. दाजी, पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडंच दिलं, आणि पाकीट उघडं होतं. एक गोष्ट ह्यांनी लिहिलीच नाही. गाडी फिरायला लागली तेव्हा स्टिअरिंग सोडून ह्यांनी दोन्ही हातांनी मला धरलं होतं. म्हणून तर ती पुरती फिरली. माझा राग बसमध्येच गेला. पण तेव्हापासून सकाळचा चहा हेच करतात, आणि बरा करतात. आक्कांना म्हणावं, फोन पुढच्या महिन्यात करा.