हट्ट्याहून आलेला फोन

बालाघाट, मंगळवार, संध्याकाळ

आज हट्टा गावच्या एका अनोळखी बाईचा फोन आला. मागच्या आठवड्यात मी फेसबुकवर लिहिलं होतं, की स्वतः वायरमन असून घरच्या कूलरले अर्थिंग द्यायचं विसरलो अन् बायकोले झटका बसला. लिहिताना लाज वाटत होती. पण बायकोच म्हणाली, "लिहा, लोकायले कळू द्या."

बाई म्हणाली, "भाऊ, तुमचं वाचून आमचा कूलर तपासला. अर्थिंगची तार तुटली होती. नात दिवसभर तिथंच खेळते."

लाज काहून वाटत होती मले? चूक लपवली असती, तर ती पोरगी... नको. बायको वाचली, अन् तिनंच मले लिहायले लावलं. देवाचे उपकार.

तिले फोनचं सांगितलं. "हौ," एवढंच म्हणाली अन् डोळे पुसले.