बांधायचं राहिलेलं पागोटं

घाटंजी, मंगळवार, संध्याकाळ

संताप उतरत नाही, म्हणून लिहितोय. आज पहाटे थोरले राजे गेले. गोंड घराण्याचं राज्य कधीच संपलं, उरला होता तो मान. त्यांच्या घरातली रीत अशी, की बापाची तिरडी उचलण्याआधी थोरल्या मुलाला पागोटं बांधायचं. मगच तो राजा. मागाहून बांधलेलं चालत नाही.

म्हातारा पुजारी पागोटं घेऊन सकाळपासून अंगणात उभा. पण आमदारसाहेब यायचे होते ना. पागोटं त्यांच्याच हातून बांधायचं, फोटो चांगला येतो, असं कार्यकर्त्यांचं धर्मशास्त्र. आणि माईक कोणाकडे? पुढाऱ्यांची टवाळी करून नाव कमावलेल्या माझ्याकडे. "जरा थांबा, साहेब कळंब सोडून निघाले," हे मी तीनदा सांगितलं. मीच. कोणाच्या भीतीनं?

ऊन डोक्यावर आलं. जन्मभर युवराज म्हणवून घेतलेला तो साठीचा माणूस उठला. म्हणाला, "माह्या बापाले उन्हात किती ठेवता भाऊ? मले नाई व्हाचं राजा." बोडख्या डोक्यानं त्यानं तिरडीला खांदा दिला. पुजारी पागोटं घेऊन मागून चालत राहिला, थेट मातीपर्यंत.

आम्ही परतलो तेव्हा साहेब अंगणात बसलेले. फोटोवाला तयार.

"नवे राजे कोणते यातले?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पुन्हा माईक माझ्याच हातात दिला होता. मी तो बंद केला. सकाळीच करायला हवं होतं ते.