वायपर मीच बदलले

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनात). तुझी कंबर कशी आहे? वहिनीचा खोकला थांबला का? आम्ही मजेत. तू फोनवर जे ऐकलंस ते अर्धंच खरं आहे, उरलेलं अर्धं सांगायला हे पत्र.

तुझी जुनी गाडी मला देताना तू बजावलं होतंस, वायपरला हात लावू नकोस, मेकॅनिककडे जा. गेले होते. गाडी मी चालवत आणलेली, पण त्याने विचारलं यांना, "काय प्रॉब्लेम आहे साहेब?" (साहेबांना गाडीचं फक्त दार उघडता येतं, तेही आतून.) मी तिथूनच गाडी वळवली आणि दुकानातून दोन ब्लेड आणली. दोन्ही सारखी, कारण जोडी म्हटली की सारखीच असणार ना? माझ्या बाजूचं लांब आणि दुसरं आखूड लागतं हे कधी कळलं, तर दोन्ही मधोमध शिंगं अडकलेल्या बोकडांसारखी झुंजायला लागली तेव्हा. एक बदलून आणलं. ते बसवताना दांडी हातातून सुटून काचेवर आपटली. काच शाबूत आहे. (आधी खाली जाड टॉवेल घालायचा असतो, हे तू कधी बोलला नाहीस.) आता मी दर आठवड्याला रबर ओल्या फडक्याने पुसते. तुझ्या काळात ते दगडासारखं कडक होऊन काचेवर करकर ओरडायचं, हे तूही विसरू नकोस.

आता परवाचं. यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख, तीन महिने थांबून मिळालेली. निम्म्या वाटेत धो धो पाऊस, आणि माझ्या बाजूचं ब्लेड निसटून गेलं उडून. (खटका नीट बसला नव्हता. कबूल.) समोर नुसतं पाणी. हे म्हणाले, "दादाला फोन कर." हे ऐकल्यावर तर मी जन्मात केला नसता. गाडी कडेला घेतली, भिजत उतरले, यांच्या बाजूचं ब्लेड उपसलं, माझ्या दांडीवर चढवलं आणि 'टक्' ऐकू येईपर्यंत दाबलं. उघड्या दांडीला रुमाल गुंडाळला.

"अगं, मग माझ्या बाजूला?" हे म्हणाले.

"तुम्हाला तसंही कुठे दिसतंय!"

दहा मिनिटं आधी पोचलो. ऑपरेशन छान झालं, पट्टी सुटल्यापासून हे घरातली जळमटं मोजतायत. तेव्हा 'तुला झेपत नाही, गाडी परत दे' हे आता बंद. गाडी मिळणार नाही. मेकॅनिककडेही जाणार नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझं न ऐकणारी,
धाकटी

ता. क. : यांनी पत्र वाचलं. म्हणतात, यात मी घाबरट वाटतो. बदल करणार नाही.

ता. क. २ : मागच्या काचेचा वायपर कालपासून बदलतेय. जुना निघत नाही, नवा कुठून बसतो ते कळत नाही. रविवारी ये, सहज आल्यासारखा. खिशात पक्कड असू दे. आणि वहिनीने विचारलं, तर तूच हट्टाने निघालास असं सांग.