ओळखीत कोणी मास्तर आहे का?

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. तुझ्या बायकोचं पत्र आलं म्हणून खरं काय ते कळलं. तुझ्या पत्रांत नुसतं हवापाणी असतं. शिवणकारखाना बंद पडून दोन महिने झाले, आणि तू अजून रोज सकाळी डबा घेऊन निघतोस, वाचनालयात बसतोस आणि अंधार पडल्यावर जिना चढतोस. का, तर शेजाऱ्यांना कळू नये. इतकी वर्तमानपत्रं वाचून तू निवडणुकीला उभा राहशील, पण काम मिळायचं नाही.

अरे, झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं. पण उघडल्याशिवाय तिच्यात कोणी काही ठेवणार कसं? मी अर्ज करून थकले होते. शाळेतलं काम शेवटी मिळालं ते दुधाच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईंमुळे, आणि तेही मी रडगाणं गायले म्हणून. तेव्हा तोंड उघड. मला तुझी फार काळजी वाटते.

रागावलास तरी चालेल, माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो नाही. तुझं पटतं, पण जमत नाही. आम्ही या जिन्यात नवे. मी कटिंग मास्तर म्हणूनच ही खोली मिळाली. लहानथोर सगळे मास्तर म्हणूनच हाक मारतात. आता बिनकामाचा मास्तर म्हणजे काय, तूच सांग.

त्यात काल तर कहर झाला. तळमजल्यावरच्या लॉन्ड्रीवाल्या काकूंनी मला थांबवलं. त्यांचा भाचा शाळांचे गणवेश शिवून देतो, त्याला कापड बेतणारा हवा आहे. तुमच्या ओळखीत कोणी चांगला मास्तर आहे का, असं त्यांनी विचारलं. मी, हातात डबा, चौकशी करतो म्हणालो. वर आमच्या कारखान्यातल्या चष्मेवाल्याचं नाव सुचवून आलो. लक्ष्मी टिळा लावायला आली आणि मी तोंड धुवायला गेलो. घरी सांगितलं तर ही भांडी आपटत राहिली.

मुलांना पापा. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

ता. १३ मार्च

चि. धाकट्यास,

कपाळाला हात लावला. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, काकू तर शेजारच्या. हे पत्र खाली ठेव, चप्पल घाल आणि त्यांच्याकडे जा. चष्मेवाल्याची काळजी तू करू नकोस, त्याला त्याचं तोंड आहे.

काम मिळाल्याचं लिहिशील तोवर आशीर्वाद राखून ठेवला आहे.
ताई

ता. १९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आशीर्वाद सोड, काम मिळालं.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी खाली उतरलो. दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून एका दमात सगळं सांगितलं. काकूंनी इस्त्री थांबवलीसुद्धा नाही. म्हणाल्या, जिन्याला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. कापड बेतून आलेल्या माणसाच्या कपड्यांना दोरे चिकटलेले असतात, माझे आपले इस्त्रीला स्वच्छ येत होते. पण आपण होऊन काम देऊ केलं तर मास्तरांना लागेल, म्हणून त्यांनी ओळखीतल्या कुणाचं तरी निमित्त काढलं. चष्मेवाल्याचं नाव त्यांनी भाच्याला सांगितलंच नव्हतं. तो तर कधीचाच कामाला लागलाय. त्याने कारखाना बंद पडला त्याच दिवशी गल्लीभर बोभाटा केला होता.

भाच्याने कापड पुढे टाकलं, मी बेतलेलं पाहिलं, आणि मावशीने सांगितलंय म्हणजे झालं, असं म्हणाला. परवापासून जातोय. इतकं हलकं वाटतंय की काय सांगू. घरी येऊन चांगला रडलो. ही म्हणाली, हेच आधी खाली जाऊन रडला असतात तर.

काल समोरच्या खोलीतले आजोबा दारात आले. त्यांच्या जावयाचं काम सुटलंय, तुमच्याकडे कुठे लागेल का, असं त्यांनी सरळ विचारलं. मी त्यांना आत बसवून घेतलं. काकूंनी विचारलं होतं ते माझी लाज राखायला, ताई. आजोबा मात्र खरोखर माझ्याकडे मागायला आले होते. आज भाच्याकडे शब्द टाकला. आम्ही आता या जिन्यात नवे राहिलो नाही.

आहे तेवढा लोभ पुरेल, ओरडणं मात्र चालू ठेव.
तुझा धाकटा